एकशे सतरा माणसांचं गाव

२७ सप्टेंबर

जनगणनेच्या कचेरीने मला एक लॅपटॉप, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र आणि ही वही दिली. वही 'कामात येणाऱ्या अडचणी' लिहिण्यासाठी आहे. पहिल्याच दिवशीची अडचण अशी, की ज्यांना मोजायचं ती माणसं गावात नाहीत. हे कचेरीला कळवून उपयोग नाही, त्यांना ते माझ्याआधी ठाऊक आहे. तेव्हा वही मी घरीच ठेवून घेतो. निवृत्त मास्तराला कोरी वही परत करवत नाही.

रुबिने गावात मी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. पहिला धडा दर वर्षी एकच: माणूस कुठे वस्ती करतो आणि का. पुस्तकात नद्यांची खोरी, सुपीक मैदानं, दाट लोकसंख्या वगैरे. मी पुस्तक मिटून मुलांना खिडकीपाशी न्यायचो. खाली आमचं शिवार, चार किलोमीटर लांब, ताटासारखं सपाट, आणि त्यावर एकही घर नाही. वर नुसता चुनखडीचा कातळ, आणि सगळी घरं त्या कातळाला चिकटलेली. का? मुलं एका सुरात ओरडायची, "जेवायच्या ताटात झोपू नये!" ही आमच्याकडची म्हण. हिवाळ्यात शिवाराचं तळं होतं, वसंतात पोनोर ते पाणी गिळतो, मग पेरणी. पोनोर म्हणजे शिवाराच्या टोकाला कातळात असलेलं भोक. नदी नाही, ओढा नाही, सगळं पाणी त्या एका घशातून खाली जातं.

या प्रश्नाला प्रत्येक पोराला पूर्ण गुण मिळाले. त्यातली निम्मी पोरं आता आयर्लंडात आहेत आणि निम्मी जर्मनीत. आज अकरा घरं केली. सात घरांना कुलूप होतं.

२९ सप्टेंबर

आज शिमाचं घर. शिमा एक्याऐंशी वर्षांची, माझी शेजारीण. तिच्या अंगणात मी रोज कॉफी पितो, तरी ओळखपत्र गळ्यात घालून विचारावं लागलं.

"घरात किती जण राहता?"

"चार. मी, मातो, येरको आणि धाकटा झ्दाव्को."

"शिमा, मातोला म्युनिकला जाऊन अकरा वर्षं झाली."

"मग? मेलाय का तो?"

"मेला नाही, पण इथे राहत नाही. नियम असा आहे, की वर्षाहून जास्त काळ जो बाहेर..."

"नियम गेला खड्ड्यात. वर चल. चल म्हणते ना!"

वर तीन खाटा. तिन्हींवर इस्त्री केलेल्या चादरी, उशांना लेस.

"दर शनिवारी बदलते मी. न राहणाऱ्या माणसाची चादर कोण बदलतं रे, लोव्रे?"

"मला खोटं लिहिता येत नाही."

"आलाय मोठा खरं लिहिणारा! मग माझ्या तोंडावर सांग, 'शिमा, तू एकटी आहेस.' सांग की. सांग आणि मग लिही."

मला सांगता आलं नाही. चार लिहिले.

२ ऑक्टोबर

मिखाएल संताच्या सणानंतरचा पहिला शनिवार म्हणजे पोनोर साफ करायचा दिवस. माझ्या बापाच्या वेळेपासून, त्याच्या बापाच्या वेळेपासून. जितकी धुराडी तितकी फावडी. जो घरातून माणूस पाठवणार नाही, त्याने दारूचा बुधला पाठवायचा आणि वर्षभर टोमणे ऐकायचे. हिवाळी पाऊस सुरू व्हायच्या आत घशातल्या फांद्या, गाळ, मक्याची धाटं काढून टाकायची, नाहीतर वसंतात पाणी उतरत नाही.

पाश्को आमचा मुकादम. शहात्तर वर्षांचा, गुडघे गेलेले, पण पोनोरच्या आत कुठे पाय ठेवायचा ते आता त्या एकट्यालाच ठाऊक आहे. रिवाजाप्रमाणे त्याने घरांची नावं पुकारली. बासष्ट नावं. नऊ वेळा "आलो" ऐकू आलं. बाकीच्या नावांनंतर तो थोडा थांबायचा आणि पुढचं घ्यायचा. क्रेशो म्हणाला, "अहो, नऊच पुकारा ना, वेळ जातोय." पाश्कोने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

क्रेशो माझा जावई. स्लावोनियाचा, मैदानातला माणूस. तिकडे घरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने, आणि मागच्या दारातून पाय टाकला की शेत. पहिल्यांदा आला तेव्हा मला म्हणाला, "बाबा, एवढं सपाट रान असताना तुम्ही कड्यावर राहता. तुम्ही माणसं की शेळ्या?" मी म्हटलं, "शेळ्या बुडत नाहीत." तो हसला. कष्टाळू आहे, पण जमिनीला पाण्याची भीती नसते असं अजून त्याला वाटतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत चालणारं काम आज दुपारीच थांबलं. पाश्को आतून चिखलात माखून बाहेर आला. म्हणाला, "तोंड धुतलं, घसा तसाच. आत पाइनचं अख्खं खोड अडकलंय, त्यावर तीन वर्षांचा गाळ. इथे चाळीस माणसं पाहिजेत. नाहीतर यंत्र."

घरी येताना नेदा माझ्याबरोबर चालत होती. माझी मुलगी राजधानीतली, झाग्रेबमधली नोकरी सोडून नवरा-मुलीसकट परत आली, त्याला तीन वर्षं झाली. बटाटे आणि कोबी लावतात, किनाऱ्यावरच्या हॉटेलांना देतात. पहिलं वर्ष चांगलं गेलं. दुसऱ्या वर्षी पाणी मेच्या मध्यापर्यंत राहिलं, यंदा मेअखेरपर्यंत. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आणखी एक वर्ष. एप्रिलअखेर शिवार उघडं पडलं तर राहू. नाही पडलं तर आमच्याच्याने पुन्हा नाही व्हायचं." मी म्हटलं, पडेल. दुसरं काय म्हणणार?

८ ऑक्टोबर

मोजणी संपली. एकशे सतरा.

खरी माणसं अडतीस. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण कुठेतरी खरं लिहिलेलं असावं. बाकीचे एकोणऐंशी चादरींमध्ये राहतात. कुणी म्हणालं, "नाताळला येतो तो, मग राहत नाही कसा?" कुणी म्हणालं, "त्याचं थडगं इथेच बांधून ठेवलंय, पत्ता कुठला लिहिणार?" मी लिहीत गेलो. दुसऱ्या दिवसापासून तर विचारायच्या आधीच लिहीत होतो.

मला काही वेड लागलेलं नाही. वस्ती शंभराच्या खाली गेली, की शाळा बंद करतात असं ऐकलंय. शाळेत पाच मुलं आहेत, त्यातली एक माझी लुत्सिया. शाळा गेली, तर आठ वर्षांच्या पोरीला रोज चाळीस मिनिटं घाटातल्या बसने कोण पाठवेल? नेदा तर नाहीच. तेव्हा हे मी गावासाठी केलं म्हणण्यापेक्षा लुत्सियासाठी केलं, हे जास्त खरं.

जेवताना नेदाने विचारलं, "आपल्या घरात किती लिहिलेत, बाबा?"

"पाच."

"पाचवं कोण?"

"दिन्को."

दिन्को माझा मुलगा. डब्लिनला असतो. आईच्या अंत्ययात्रेनंतर त्याचा फोन आलेला नाही. नेदाने मला आणखी सूप वाढलं. तिला भाऊ आठवला असावा.

२१ ऑक्टोबर

क्रेशोने तालुका कचेरीत गाळ काढायच्या यंत्रासाठी अर्ज टाकला. तरुण माणसाचा कागदावर विश्वास असतो.

२१ नोव्हेंबर

पाच दिवस युगो वाहतोय. हा समुद्राकडचा वारा सुटला, की आकाश फाटतं. शिवार भरलं. दर वर्षी भरतं, त्याचं काही नाही, पण यंदा पाणी शिवाराच्या काठावरच्या संत रोकोच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलंय. क्रेशोने रोपांसाठी प्लास्टिकचे दोन बोगदे उभे केले होते, 'इथे पाणी कधीच येत नाही' असं ज्या जागेबद्दल मीच त्याला सांगितलं, तिथे. आज त्यांच्या कमानी तेवढ्या पाण्याबाहेर दिसताहेत. तो काठावर उभा राहून बघत होता.

"पाणी इतकं वर का आलं, बाबा?"

"घसा बंद आहे म्हणून."

"मग यंत्र येईलच."

मी हो म्हटलं.

१० जानेवारी

बुरा सुटला. डोंगरावरून येणारा हा कोरडा वारा हाडं फोडतो, पण पाऊस पळवून लावतो. आठ दिवस थेंब नाही. पाणी इंचाइंचाने उतरतंय, आणि आज पोनोरचं तोंड उघडं पडलं. पाश्को काठी टेकत घरी आला. म्हणाला, "मास्तर, दहा दिवस. फार तर दहा. पुन्हा युगो आला की संपलं. यंत्र आत्ता आलं पाहिजे."

यंत्र इथून नऊ किलोमीटरवर आहे. डोंगरापलीकडच्या ओसोयेत दरड काढतंय. तिथे मोजणीला शहरातली एक पोरगी आली होती. कुणाला ओळखत नव्हती, जे दिसलं ते लिहून गेली. एक्केचाळीस.

१२ जानेवारी

अर्जाचं उत्तर आलं. क्रेशोने टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचलं. 'विरळ वस्तीच्या गावांसाठीची मदत पन्नासहून कमी रहिवासी असलेल्या गावांनाच मिळते. रुबिने गावात एकशे सतरा रहिवासी असल्याने अपेक्षित काम ग्रामस्थांनी श्रमदानाने करावे.'

"एकशे सतरा?" क्रेशो म्हणाला. "एकशे सतरा कुठे आहेत? मला दाखवा, मी प्रत्येकाच्या हातात फावडं देतो! बाबा, तुम्ही घरोघर गेला होतात ना?"

"लोकांनी जे सांगितलं ते लिहिलं. पद्धत तशीच असते."

"मग उद्या मीच कचेरीत जातो आणि विचारतो..."

"क्रेशो, लाकडं घेऊन ये," नेदा म्हणाली.

"लाकडं आहेत की."

"आणखी आण."

चुलीजवळ लाकडांची रास होती. बाहेर बर्फाळ वारं असताना नेदाला उगाच जास्तीची लाकडं लागतात, आईवर गेली आहे. लाकडं आणल्यावर तिने त्याला समजावलं, की कचेरीत तू भांडशील आणि काम बिघडेल, बाबाच जातील. मग माझ्याकडे वळली, "जाल ना, बाबा?"

१४ जानेवारी

गेलो.

अर्जांचं टेबल वेस्नाकडे आहे. माझीच विद्यार्थिनी, नकाशा काढताना नेहमी समुद्र वर आणि डोंगर खाली. आता सबंध तालुका तिच्या हाताखाली.

"मास्तर! बसा, बसा. कॉफी घेणार?"

"त्या यंत्राबद्दल आलोय."

"वाटलंच मला. पण माझा इलाज नाही हो. पन्नासच्या आत वस्ती असेल, तरच. तुमची एकशे सतरा." तिने खण उघडला. "आणि खरं सांगू? सगळ्या तालुक्यात तुमचं काम सर्वांत नीटनेटकं. एकही त्रुटी नाही. प्रशस्तिपत्रं आली आहेत, तुमचं घेऊनच जा."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. वाक्य तयार होतं. सबंध घाटात तेच घोकत आलो होतो: 'वेस्ना, त्यातली एकोणऐंशी माणसं गावात नाहीत, मी खोटं लिहिलं.' आणि तोंडातून निघालं, "शाळेचं काय?"

"शाळा राहणार. शंभराच्या वर असल्यावर कोण हात लावतो?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मास्तर, आणखी काही सांगायचंय का? म्हणजे नकार कळवला असला, तरी अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे. उद्या दुपारी वर पाठवते. तोपर्यंत आकड्यात काही दुरुस्ती असेल, तर मी करू शकते."

"नाही, नाही. काही नाही."

"नक्की?"

"नक्की."

गुणी मुलगी आहे, म्हाताऱ्यांना वेळ देते. बसमध्ये मी हिशेब मांडला: खरं सांगितलं, तर शिवार वाचेल आणि शाळा जाईल. शाळा गेली, तर नेदा जाईल. शिवार गेलं, तर कदाचित नाही, कारण पाणी कधीकधी आपणहून उतरतं. मी भूगोलाचा माणूस आहे, शक्यता तोलून बघतो. आणि चौतीस वर्षं फळ्यासमोर 'खरं बोला' म्हणणाऱ्याने आपल्याच विद्यार्थिनीपुढे खोटारडा ठरायचं, हेही जमलं नाही. यातलं मोठं कारण कुठलं, ते मला आज ठरवता येत नाही.

नेदा दारात उभी होती. "काय म्हणाली वेस्ना?" मी सांगितलं, नियम आहे. प्रशस्तिपत्र कोटाच्या आत होतं.

१६ जानेवारी

स्वतःच खणायला गेलो. आठ जण, पाश्को, क्रेशो, नेदा आणि मी धरून. बुरा एवढा, की फावड्यावरची माती डोळ्यांत परत येते. क्रेशो कमरेला दोर बांधून घशात उतरला, पाश्को वरून सांगत होता, "डावा पाय खाचेत! खाचेत रे, खाचेत, तिथे नको!" खोडाला साखळी बांधली, सगळ्यांनी ओढली. आठांतल्या पाच जणांचं वय सत्तरीपुढे. खोड हललंसुद्धा नाही.

अकराच्या सुमारास शिमा आली. डोक्याला शाल, खांद्यावर नवऱ्याचं जुनं फावडं.

"तू कशाला आलीस?" पाश्को ओरडला. "मरायला?"

"माझ्या तिघा पोरांची नावं आहेत ना सरकारी यादीत? लोव्रेने स्वतः लिहिली. त्यांच्या वाटचं काम करायला आले. सरका."

कुणी हसलं नाही. घशाच्या तोंडाशी क्रेशो दम खात बसला होता. त्याने एकदा माझ्याकडे मान वळवली, मग दोर कमरेला पुन्हा बांधून खाली उतरला. वाऱ्याचा आवाज फार होता, त्याला ऐकू गेलं नसावं.

संध्याकाळी जेवताना तो काही तरी बोलणार होता, तर नेदा म्हणाली, "क्रेशो, आज नको." राकिया दारूचा दुसरा पेला मागत असेल. दिवसभर थंडीत राबला होता, दिला असता तर काय बिघडलं असतं?

१९ जानेवारी

युगो. पाश्कोने दहा दिवस सांगितले होते, नऊच मिळाले.

३ मार्च

पाणी तिसऱ्या पायरीला. नेदा हल्ली कणीक मळताना फोनवर जर्मनचे धडे ऐकते. उन्हाळ्यात खाली तंबू ठोकायला जर्मन लोक येतात, त्यांना भाजी विकायची तर भाषा हवीच. मुलगी दूरचं बघते.

१७ एप्रिल, ईस्टर

रंगवलेली अंडी, डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, मुळा. अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात लुत्सियाच्या अंड्याने माझं अंडं फोडलं, मग क्रेशोचं. देवळातल्या मिस्सा प्रार्थनेत मी फक्त पाणी उतरू दे एवढंच मागितलं. शेजारी पाश्को गुडघे टेकू शकत नाही म्हणून उभा होता. प्रार्थना चालू असताना कुजबुजला, "मास्तर, देवाला कशाला त्रास देता? त्याच्याकडे तुमच्या याद्या गेल्या असतील."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हा टोमणा मलाच होता.

९ मे

एप्रिल संपला. नेदाने तारखेचा उच्चार केला नाही, मीही केला नाही. तळघरात बियाण्याच्या बटाट्यांना वीतभर पांढरे कोंब आले आहेत. क्रेशोने आज ते बाहेर काढून डुकरांना घातले. शिमाच्या डुकरांना, आमची आहेत कुठे?

वरच्या बाजूला कातळातल्या खळग्यांमधून मुठी-मुठीएवढी लाल माती आहे. माझी आजी ती टोपलीने गोळा करून मोठ्या खळग्यात भरायची, भोवती दगडांचा बांध घालायची. एकेका खळग्यात चाळीस कोबी. क्रेशोला म्हटलं, यंदा तिथे लावू. तो हसलाही नाही, चिडलाही नाही. "बाबा, चाळीस कोबींवर माणूस राहत नाही. तुम्हीच शिकवता ना, माणूस कुठे राहतो आणि का?"

२५ मे

सांगितलं. सहा जूनची बस. श्टुटगार्टजवळच्या गावात क्रेशोचा चुलतभाऊ आहे, त्याने काम बघितलंय. क्रेशोला भाजीपाल्याच्या गोदामात बटाटे निवडायचं काम.

लुत्सिया आजोबाला दिदा म्हणते. तिने विचारलं, "दिदा, तिथल्या शाळेत पण पाचच मुलं असतील?" मी म्हटलं, जास्त असतील. तिला आनंद झाला. लहान मूल आहे, होणारच.

४ जून

खोकी भरली जाताहेत. मी नेदाला भांडी कागदात गुंडाळायला मदत करत होतो. आठ महिने पोटात ठेवलेलं आज बाहेर काढलं. क्रेशो आणि लुत्सिया अंगणात होते.

"नेदा, ती मोजणी..."

"ठाऊक आहे, बाबा."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्ही दिन्कोला पाचवा लिहिलंत, त्याच दिवशी कळलं. ज्याने स्वतःच्या घरात दिन्कोला मोजला, तो दुसऱ्यांच्या पोरांना सोडणार आहे होय?"

"आणि क्रेशोला?"

"शिमाकाकू पोनोरवर बोलल्या तेव्हापासून. पाच महिने तो तुमच्यासमोर जेवायला बसतोय, एका अक्षराने बोलला नाही. त्याला तुम्ही मैदानातला म्हणून हसता."

मी हातात एक बशी घेतली. ती एकेक बशी गुंडाळत राहिली.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून. वेस्नासुद्धा तशीच थांबली होती. तुम्ही कचेरीतून निघालात आणि तिने मला फोन केला. म्हणाली, मास्तर काही तरी सांगायला आले होते, न सांगताच गेले. उद्या दुपारपर्यंत थांबते, तू सांगितलंस तरी चालेल."

"सांगायचं होतंस!"

"माझा बाप खोटं लिहितो, हे मी कळवू?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "नाही झालं माझ्याच्याने. दुपारपर्यंत फोन हातात घेऊन बसले, बाबा. बारा वाजले, एक वाजला. तेव्हा ही चूक निम्मी माझी. ती बशी द्या इकडे, फुटेल."

मी बशी दिली. लुत्सियासाठी केलं म्हणून सांगणार होतो, पण ते तिला माझ्याआधी ठाऊक असणार.

६ जून

गेले. बस सकाळी सातची. क्रेशोने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "बाबा, जिना एकट्याने उतरू नका." एवढंच. नेदाने पुन्हा विचारलं, "चला आमच्याबरोबर." मी म्हटलं, कातळावरचं झाड मैदानात लावलं तर मरतं. ती म्हणाली, "कातळावरही मरतं." मग बसमध्ये बसली.

७ जून

शिमा कॉफी घेऊन आली. घरात फिरून रिकाम्या खोल्या बघितल्या. म्हणाली, "तुझ्याकडेही खाटा वाढल्या आता. चादरी पुरतील का, की माझ्या देऊ?" मी तिला घालवून दिलं. दुपारी वाईट वाटलं, तेव्हा तिच्या अंगणात जाऊन बसलो. तिने कॉफी ठेवली.

१० जून

शाळेतल्या बाई भेटल्या. पुढच्या वर्षी चार मुलं असतील, एक कुटुंब गेलं तर दोन. शाळा मात्र चालू राहणार, कारण गावात एकशे सतरा माणसं आहेत.

१७ जून

पाणी उतरलं.

काल संध्याकाळी पाश्कोने काठीने जमीन आपटून दाखवली, "गेलं, मास्तर. खोड आपणहून सरकलं असेल, नाहीतर कुजून मोडलं. पोनोरचं कुणी सांगू शकत नाही." आज सकाळी शिवार उघडं होतं. सात महिन्यांचा गाळ, काळा, लोण्यासारखा, त्यावर बगळे. इतकी चांगली माती मी आयुष्यात दोनदा बघितली. बटाट्याचा हंगाम गेला. पण घेवडा होईल, उशिराचा कोबी होईल, सलगम होईल. हॉटेलं ऑक्टोबरपर्यंत घेतात. मी कडेकडेने चालत गेलो, मूठभर माती उचलून बघितली. नांगर लावायला दोन दिवस पुरे होते, आणि क्रेशोच्या हाताखाली ट्रॅक्टर होता तेव्हा तर एकच.

अकरा दिवस. अकरा दिवस थांबली असती, तर.

१९ जून

नेदाचा फोन. लुत्सियाला शाळेत घेतलंय, जर्मन मुलं तिला नाव विचारतात आणि ती सांगत नाही. क्रेशोची पाठ दुखते, दिवसभर उभं राहून बटाटे निवडायचे. घर रस्त्यावर आहे, ओळीत, मागे दुसऱ्या कुणाचं तरी शेत. तिचा आवाज बरा होता. ती हसलीसुद्धा, मला वाटतं खरं हसली.

मी खिडकीशी उभा होतो. खाली शिवार उन्हात वाफाळत होतं. पाश्को आणि आणखी दोघं म्हातारे कडेला घेवड्याच्या ओळी टाकत होते, तिघांत मिळून एक ओळ.

"बाबा," ती म्हणाली, "पाणी उतरलं का?"

"नाही," मी म्हटलं. "अजून देवळाच्या पायरीलाच आहे."

ती म्हणाली, "म्हणजे आम्ही निघालो ते बरंच झालं."

"बरंच झालं," मी म्हटलं. "इथे थांबून काय केलं असतं?"